पडीक लहरी

९ सप्टेंबर

गुंड्या,

'प्रिय' लिहिलेलं नाही. विसरले असं समजू नकोस.

आज सकाळी आमच्या प्राधिकरणाच्या वकीलबाईंनी माझ्यापुढे एक कागद सरकवला. मोबाइल कंपन्यांनी रेडिओ लहरी वापरण्याबद्दल दरवर्षी किती शुल्क भरायचं हे नव्याने ठरवायचं काम आजपासून सुरू झालं, आणि ते माझ्या विभागाकडे आहे. या कंपन्यांपैकी कुठे आपलं कोणी नोकरीला असेल तर लिहून द्यायचं. मी लिहिलं, सख्खा धाकटा भाऊ. पुढच्या रकान्यात 'सध्याचे संबंध' असं होतं. तिथे पेन धरून बसले आणि शेवटी 'नाहीत' असं लिहिलं. वकीलबाई म्हणाल्या, "असं चालत नाही. सख्खा भाऊ म्हटल्यावर संबंध असतातच." मी विचारलं, "तुम्हाला भाऊ आहे?" त्या म्हणाल्या, "नाही." म्हटलं, "म्हणून."

नियम असा की आदेश निघेपर्यंत तुझ्याशी बोलायचं नाही, तुला भेटायचं नाही, तिसऱ्याकरवी निरोपही नाही. चुकून काही बोलणं झालंच तर ते लिहून द्यायचं आणि तो कागद खुल्या फाइलीत लागणार. कोणीही यावं आणि वाचावा. गेली दोन वर्षं आपण बोलत नाही ते आपल्या मर्जीने. आता वरून हुकूम आहे म्हणून बोलायचं नाही. यात मला चिडण्यासारखं काही नाही खरं तर, पण चिडले आहे. तुझ्याशी अबोला धरायला मला कोणाची सही नको होती.

म्हणून ही पत्रं. लिहीन आणि कपाटात ठेवीन. आदेश निघाला की सगळी एकदम टपालात टाकीन. तोवर तुला एक अक्षर मिळणार नाही, म्हणजे नियम मोडला जाणार नाही आणि मला मनातलं बोलताही येईल. तुला मध्येच तोंड घालता येणार नाही, हा आणखी एक फायदा.

तुला पाठ असलेल्या काही गोष्टी मी तरीही लिहिणार आहे, कारण उद्या ही पत्रं वकीलबाईंच्या हाती पडली तर त्यांनाही कळायला हवं की यात गुपित काही नाही. तर, देशाचे तुकडे पाडलेले आहेत आणि प्रत्येक तुकड्यातल्या लहरी कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या नावावर आहेत. एकीच्या नावावर असल्या की त्या दुसरीला वापरता येत नाहीत. शहरातल्या तुकड्याचं शुल्क डोळे पांढरे करणारं. डोंगरातल्या तुकड्याचं इतकं किरकोळ की तुमच्या कंपनीच्या स्वागतकक्षातल्या फुलांवर त्याहून जास्त खर्च होत असेल. त्यामुळे कंपन्या असे तुकडे नावावर करून ठेवतात, तिथे मनोरा बांधत नाहीत आणि दुसऱ्यालाही पाय ठेवू देत नाहीत. माझा प्रस्ताव साधा आहे. तुकड्यात मनोरा असेल तर शुल्क तेच, नसेल तर चौपट. एक तर वापरा, नाही तर सोडा.

ऑफिसात याला सगळे 'पडीक शुल्क' म्हणतात. हे नाव तू दिलंस, इथे नोकरीला असताना, माझ्यासमोरच्या टेबलावर बसून. पडीक जमीन असते तशा पडीक लहरी. नाव ठेवलंस आणि ज्या कंपनीकडे सगळ्यात जास्त पडीक आहे नेमक्या तिथेच जाऊन बसलास. तुझ्या खुर्चीवर आता जुन्या फाइली असतात. त्या उलटून बोलत नाहीत.

आपली दरीही तुझ्या कंपनीच्या नावावर आहे. तांब्याच्या तारा काढून नेल्यापासून आईला फोन लागतो तो फक्त परसात, पाण्याच्या टाकीच्या पायरीवर, आणि तोही पलीकडच्या कड्यावरून कशीबशी खाली उतरणाऱ्या सिग्नलच्या एका पट्टीवर. जिने उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून सगळ्या दरीला एकमेकांशी जोडून दिलं, ती बाई दर रविवारी उशी काखेत मारून त्या पायरीवर जाते आणि आधी मला, मग तुला फोन लावते. मी हे शुल्क तिच्यासाठी ठरवत नाहीये. पण त्यामुळे तिच्या दरीत एखादा मनोरा उभा राहिला तर मी रडणारही नाही.

ताई


३० सप्टेंबर

गुंड्या,

तुला खोकला झालाय हे मला कळलंय, आणि आता ते देशात कोणालाही कळू शकतं.

रविवारी आईचा फोन आला. गुडघा, टाकीची गळती, शेजारणीच्या सुनेचं बाळंतपण, सगळं झाल्यावर ती सहज म्हणाली, "त्याचा खोकला काही जात नाही गं. माझं ऐकत नाही, तू सांग त्याला डॉक्टरकडे जायला."

मी म्हटलं, "आई, मला त्याच्याशी बोलायला बंदी आहे."

"कोणी घातली?"

"कायद्याने."

"बरं. आणि कायदा यायच्या आधी दोन वर्षं काय होतं?"

मी विषय बदलला. सोमवारी वकीलबाईंना हे हसत हसत सांगितलं. वाटलं, त्याही हसतील. त्यांनी चष्मा लावला आणि कोरा कागद पुढे ओढला. "नेमकं काय म्हणाल्या?" म्हटलं, "खोकला जात नाही म्हणाली." "कोरडा की कफाचा?" "त्याने शुल्कात फरक पडतो का?" "नोंद पूर्ण हवी," त्या म्हणाल्या. तर आता खुल्या फाइलीत असं लागलंय की पक्षकार कंपनीच्या प्रतिनिधीच्या प्रकृतीविषयी अधिकाऱ्यास मातेकडून माहिती मिळाली, सदर माहितीचा प्रस्तावित शुल्काशी संबंध नाही. खाली माझी सही आणि शिक्का. तुमच्या वकिलांनी वाचलं असेलच. डॉक्टरकडे गेलास का? उत्तर देऊ नकोस, त्याचाही कागद करावा लागेल.

बाकी इथे काम म्हणशील तर मागचे तीन आठवडे आम्ही रंग ठरवत होतो. पडीक तुकडे नकाशावर कोणत्या रंगात दाखवायचे, यावर बैठकांमागून बैठका. मी म्हटलं लाल. अध्यक्ष म्हणाले, लाल रंगाने कंपन्यांना अपमान वाटेल. उपसंचालक म्हणाले, पिवळा. उपसंचालकांना हे शुल्कच नकोय, त्यामुळे ते रंगावरच महिना घालवायला तयार आहेत. शेवटी राखाडी ठरला. आमच्या नकाशेवाल्याने निमूटपणे सगळा नकाशा पुन्हा रंगवला. आपली दरी राखाडी आहे. मी भिंतीवर तो लावलाय आणि रोज येता-जाता मला तेवढीच दिसते.

ताई


२१ ऑक्टोबर

गुंड्या,

तुमच्या कंपनीचं उत्तर आलं. शिपायाने ते दोन्ही हातांत धरून आणलं आणि टेबलावर ठेवलं तेव्हा चहा हिंदकळला. शेवटी सही तुझी.

सही नसती तरी ओळखलं असतं. 'नम्रपणे निदर्शनास आणू इच्छितो' हे तू माझ्याकडून उचललंस. एखादा मुद्दा आपल्या गैरसोयीचा असला की तो दोन सोयीच्या मुद्द्यांच्या मध्ये बसवायचा, हेही मीच शिकवलं. माझ्याच हाताने शिकवलेली माणसं माझ्याविरुद्ध लिहितात आणि बरं लिहितात, यावर मी रागवावं की स्वतःची पाठ थोपटावी तेच कळत नव्हतं. मग अठराव्या पानावर आले आणि तो प्रश्न सुटला. 'शुल्क वाढल्यास विरळ वस्तीचे काही तुकडे परत करण्यावाचून कंपनीपुढे पर्याय उरणार नाही.' मी त्याखाली दोन रेघा मारल्या आणि समासात लिहिलं, 'धमकी'.

कोणाला घाबरवतोस? प्रत्येक कंपनी दर वेळी हेच म्हणते. आपण दोघांनी मिळून अशी वाक्यं वाचून हसलोय. कोणी काही परत करत नाही. कंपन्या घाबरवतात, आम्ही घाबरतो, शुल्क तिथल्या तिथे राहतं आणि आई पायरीवर बसते. मागे परिशिष्टांचा ढीग होता, नकाशे आणि आकडे. परिशिष्टांत कंपन्या काय कोंबतात ते मला पुरतं ठाऊक आहे. चाळली आणि बाजूला ठेवली.

तू नोकरी सोडलीस तेव्हा आईच्या स्वयंपाकघरात मी तुला 'विकला गेलास' म्हटलं. ते मी आजही मागे घेत नाही. तू म्हणालास, "ताई, तुला नकाशा दिसतो. त्यातली माणसं दिसत नाहीत." आई तेव्हा आपल्या दोघांच्या मध्ये उभी होती, हातात चहाच्या कपांचा ट्रे घेऊन. आपण दोघंही निघून गेलो. तो चहा तिने एकटीने प्यायला की ओतून दिला, कोण जाणे.

ताई


४ नोव्हेंबर

गुंड्या,

या रविवारी आईला ओरडले. तुझ्यामुळे.

फोनवर ती म्हणाली, "त्याने सांगितलंय तुला सांगायला, की त्या शुल्काच्या कागदांत मागे जे—" मी तिथेच तोडलं. म्हटलं, "आई, पुरे. एक शब्द पुढे बोलू नकोस. तू बोललीस की मला लेखी द्यावं लागतं, माझी नोकरी जाईल. तू आता मध्ये पडायचं बंद कर. एक्स्चेंज बंद पडलं तुझं, आता आम्हाला जोडून देऊ नकोस."

ती म्हणाली, "बरं." नुसतं बरं. मग गुडघ्याचं नाही, गळतीचं नाही, फोन ठेवला.

तुला लाज कशी वाटली नाही? नियम तुलाही माहीत आहे. तुझ्या कंपनीची वकिली आईच्या तोंडून करतोस? तिला यातलं काय कळतं? ती बिचारी कोणाचा फोन आला की कोणाला तरी जोडते. वकीलबाईंना मी सांगितलं, निरोप आला पण मी ऐकला नाही. त्या खूश झाल्या. फाइलीत आणखी एक कागद लागला. या सगळ्या प्रकरणात माझं कौतुक झालं ते एवढंच.


१२ नोव्हेंबर

गुंड्या,

खुली सुनावणी झाली. तू होतास, तरी मी लिहिते, कारण तू जे पाहिलंस ते कंपनीच्या टेबलावरून.

तू बारीक झालायस. टाय चांगला होता. कोणी निवडून दिला असेल, तुला रंग कळत नाहीत. मधूनमधून खोकत होतास आणि दर वेळी वकीलबाई माझ्याकडे बघत होत्या.

तू उभा राहिलास आणि अध्यक्षांकडे तोंड करून म्हणालास, "महोदय, प्राधिकरणाने आपल्या नकाशावर जी दरी राखाडी दाखवली आहे, तिथे लोक आमच्याच लहरींवर बोलतात." मला वाटलं, सुरू झालं यांचं. मग तू सावकाश, शाळेत समजावतात तसं समजावलंस. कड्यावरचा मनोरा शेजारच्या तुकड्यात उभा आहे, म्हणून नकाशावर दरी पडीक दिसते. पण त्या मनोऱ्याचं एक तोंड, म्हणजे एक अँटेना, दरीकडे आहे. दरीचा तुकडा कंपनीच्या नावावर आहे म्हणून ते तोंड तिकडे ठेवता येतं. तुकडा परत केला तर आपल्या हद्दीबाहेर लहरी सोडता येत नाहीत, तोंड फिरवावं लागेल. "हे आम्ही दहाव्या परिशिष्टात दिलं आहे," असं म्हणून तू खाली बसलास. माझ्याकडे पाहिलं नाहीस.

ते परिशिष्ट मी नुसतं चाळलं होतं याची भीती वाटली. पण राग त्याहून मोठा होता. मी अध्यक्षांमार्फत विचारलं, कंपनीने दरीत स्वतःचा मनोरा इतक्या वर्षांत का बांधला नाही? तू अध्यक्षांमार्फत सांगितलंस, दोनशे घरांसाठी परवडत नाही. मी अध्यक्षांमार्फत विचारलं, मग ज्याला परवडेल त्याला जागा का देत नाही? तू अध्यक्षांमार्फत म्हणालास, "ती कंपनी येईपर्यंत त्या घरांनी काय करायचं, हे प्राधिकरणाने सांगावं." बिचारे अध्यक्ष, एकदा इकडे एकदा तिकडे मान वळवत होते. त्यातल्या एका घरात तुझा पाळणा मी हलवलाय, आणि ते घर तू मला अध्यक्षांमार्फत दाखवत होतास.

सुट्टीत पाण्याच्या पिंपापाशी आपण एकदमच पोचलो. तू एक पेला भरून माझ्या बाजूला ठेवलास आणि स्वतःसाठी दुसरा भरलास. बोलला नाहीस, मीही नाही. मी ते पाणी प्यायले. त्याची नोंद मी करून दिलेली नाही.

ताई


२० नोव्हेंबर

गुंड्या,

दहावं परिशिष्ट वाचलं. तू म्हणतोस ते खरं आहे. लिहिताना दात-ओठ खातेय, पण खरं आहे.

नकाशेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, मला मनोरा कुठे आहे तेवढं विचारलं होतं. आवाज कुठवर पोचतो ते कोणी विचारलंच नाही." आमची पद्धतच तशी आहे. मनोरा ज्या तुकड्यात उभा, तो तुकडा वापरात. त्याच्या लहरी हद्द ओलांडून कोणाच्या परसात उतरतात हे आम्ही मोजत नाही, कारण मनोरा कागदावर मोजता येतो आणि लहरी मोजायला गाडी घेऊन डोंगरात जावं लागतं. मी म्हटलं, जाऊ या. तो म्हणाला, अकरा दऱ्या अशा निघतील, सगळ्यांची पाहणी करायची तर दोन-तीन महिने धरा. अध्यक्षांकडे गेले. ते म्हणाले, "आदेश वर्ष संपायच्या आत निघायलाच हवा. पाहणी पुढच्या फेरीत करू." पुढची फेरी म्हणजे तीन वर्षांनी.

मग मी एक ओळीचा अपवाद लिहून काढला, की शेजारच्या तुकड्यातून जिथे सेवा पोचते तिथे पडीक शुल्क लागू नये. वकीलबाईंनी तो वाचला. त्या वाईट नाहीत रे, फक्त त्यांना सगळं उलटं धरून बघायची सवय आहे. म्हणाल्या, "याचा फायदा सगळ्यात जास्त कोणाला?"

"त्या कंपनीला."

"तिथे तुमचे कोण?"

"भाऊ."

"आणि या अकरा दऱ्यांपैकी एकीत कोण राहतं?"

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला. त्या म्हणाल्या, "पाहणीचा अहवाल असता तर मी तुमच्या बाजूने उभी राहिले असते. हातात काही नसताना भावाच्या कंपनीसाठी आणि आईच्या घरासाठी अपवाद? दुसऱ्या दिवशी बाकीच्या कंपन्या कोर्टात जातील आणि आख्खं शुल्क उडेल."

मी म्हटलं, मग मी या कामातून बाजूला होते. त्या म्हणाल्या, व्हा, फाइल उपसंचालकांकडे जाईल. उपसंचालक ही फाइल कशी बंद करतील ते तुला वेगळं सांगायला नको. देशातल्या सगळ्या राखाडी तुकड्यांत पुढची कित्येक वर्षं कोणी पायरीवर, कोणी झाडावर, कोणी छपरावर चढून फोन लावत बसेल.

सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? त्या रविवारी फोनवर आई जे सांगत होती ते हेच होतं. 'मागे जे—' म्हणजे मागचं परिशिष्ट. मी तिला पुढचा शब्द बोलू दिला असता तर सुनावणीआधी आठ-दहा दिवस हातात होते. निदान आपल्या एका दरीची पाहणी झाली असती, वकीलबाईंच्या हातात एक कागद पडला असता. मी नियम पाळला. तू मोडलास आणि तुझं बरोबर होतं. मी पाळला आणि वर शाबासकीही घेतली.

ताई


१५ डिसेंबर

आदेश निघाला. अपवादाशिवाय. खाली सही माझी.

तुकडे परत करायची ती धमकीच आहे, असं मी स्वतःला रोज सांगते. कंपन्या काही सोडत नाहीत. तुला तर माहीतच आहे.

आज बंदीही उठली. वकीलबाईंनी येऊन सांगितलं, "आता तुम्ही भावाशी बोलू शकता," जणू मी रांगेत उभी होते. पत्रं टपालात टाकायची होती, टाकली नाहीत. तू फोन करशील असं वाटलं. आदेश तुझ्या विरोधात गेलाय, भांडायला तरी करशील. संध्याकाळपर्यंत फोन टेबलावर उलटा ठेवला होता, म्हणजे मी वाट बघत नाही असं फोनलाही वाटावं.


१७ जानेवारी

गुंड्या,

'आपल्या आदेशास अनुसरून सोबतच्या यादीतील तुकडे कंपनी परत करीत आहे. महिनाअखेर संबंधित मनोऱ्यांची दिशा बदलण्यात येईल.' यादीत अकरा तुकडे. आपली दरी सातवी. सही तुझी.

तू सही करताना तिथे थांबलास का? मी थांबले होते का, असं तू विचारशील. थांबले होते. तरी केली. आता तू केलीस.

आणि यातलं सगळ्यात संतापजनक हे की शुल्क चालतंय. यादी बाहेर पडून आठवडा झाला नाही तोच एका लहान कंपनीने दरीसाठी अर्ज केला. त्यांना खरंच मनोरा बांधायचाय, दरीच्या आत, शाळेमागच्या टेकाडावर. अध्यक्षांनी मला बोलावून अभिनंदन केलं. मी विचारलं, मनोरा कधी उभा राहील? ते म्हणाले, परवानगी, जागा, वीज सगळं धरून दीड वर्ष. पेढा दिल्यासारखं म्हणाले. माझं बरोबर होतं. तुझंही बरोबर होतं. आपल्या दोघांच्या बरोबर असण्याच्या मध्ये दीड वर्ष आहे आणि त्यात आई बसलीये.

तू तिला सांगितलंच असशील म्हणा. कंपनीने ग्राहकांना कळवायचं असतं. आणि दर रविवारी तिचं तुझ्याशी माझ्याहून जास्त वेळ बोलणं होतं.

ताई


१८ फेब्रुवारी, आईच्या घरून

प्रिय गुंड्या,

हे शेवटचं. हे आणि येताना सोबत आणलेली आधीची सगळी उद्या बस सुटते तिथल्या पेटीत टाकते.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आईचा फोन आला नाही. मला वाटलं, ती रुसली. मी ओरडल्यापासून ती तशीही मोजकंच बोलत होती. दुसऱ्या रविवारी आला नाही तेव्हा म्हटलं, तोंड फिरवलंय मनोऱ्याचं, तिला माहीत आहे, तू सांगितलंयस. आणि तू बसला असशील असं समजून की मी सांगितलंय. बरोबर ना? तिसऱ्या रविवारी, म्हणजे आज, मला राहवेना. पहिल्या बसने निघाले.

दार उघडं होतं. हाका मारल्या, ओ नाही. परसात गेले तर ती टाकीच्या पायरीवर, उशीवर बसलेली. फोन मांडीवर. वेळ तिची नेहमीची. मला बघून उठली नाही, फक्त सरकून उशीवर जागा केली. मी शेजारी बसले. फोनवर एकही पट्टी नव्हती.

मी म्हटलं, "आई, इथे आता लागत नाही. तुला कोणी सांगितलं नाही?"

ती म्हणाली, "दिसतंय ना मला. आयुष्य त्यातच गेलं माझं, लाइन मेलेली मला कळत नाही का?"

"मग इथे कशाला येऊन बसतेस?"

"रविवार आहे म्हणून."

मग थोड्या वेळाने ती आपणहून बोलली. तिचे शब्द जसेच्या तसे देते, कारण मला आता पूर्ण नोंद द्यायची सवय लागलीये.

"तू म्हणालीस ना, मध्ये पडू नकोस, जोडून देऊ नकोस. पुढच्याच महिन्यात त्याच्याशी बोलताना मी तुझं नाव काढलं, तर तोही म्हणाला, आई, आता ते राहू दे. मग लाइन गेली. तुम्ही दोघंही त्याच कामातले. म्हटलं, मी इकडचं तिकडे करते म्हणून दोघांनी मिळून माझी लाइन काढली असेल."

तिने माझ्या हातावर थोपटलं, मीच रडवेली झाले होते म्हणून. आणि म्हणाली, "वाईट नाही वाटलं गं. म्हटलं, चला, दोघांनी एक तरी गोष्ट मिळून केली."

गुंड्या, मी तिला 'नाही' म्हणायला तोंड उघडलं होतं. पण आदेशावर सही माझी आहे आणि यादीवर तुझी. ती म्हणते त्यात खोटं काय आहे ते मला सापडलं नाही. ती आत जाऊन चहा ठेवायला लागली. तीन कप काढले, मग एक परत फळीवर ठेवला.

मी तुला मागच्या सगळ्या पत्रांत पुष्कळ बोललेय. ते वाच आणि राग आला तर येऊ दे. पण पुढच्या रविवारी ये. फोन करून कळवता येणार नाही, तिला तर नाहीच, आणि मीही शनिवारपासून इथेच असेन. नुसता ये. आपल्या हातून काय झालं ते तिला अजून सांगितलेलं नाही. मी एकटी सांगणार नाही. मिळून केलंय, मिळून सांगू.

खोकला कसा आहे?

तुझी
ताई